तुझा खड्डा अजून गरम आहे

बाळ्याची आई,

तुला नावाने कधी हाक मारली नाही. आता मारली तर तूच म्हणशील, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. म्हणून राहू दे.

हे लिहायला मला वाशीच्या सावंतबाईंनी बसवलंय. त्यांच्या सोसायटीत वर्षाला एक छोटं पुस्तक काढतात, त्यात मावशींवर, म्हणजे तुझ्यावर, तुम्हीच लिहा म्हणाल्या. मी म्हटलं, मी चौथीपर्यंत शिकलेला, त्यातही निम्मं मिठागरावर. त्या म्हणाल्या, बोलता तसं लिहा, मी नंतर नीट करते. मी म्हटलं, नीट करू नका, मग ते तुमचं होईल. तर शुद्धलेखन त्यांचं आणि बाकीचं माझं, असं ठरलं. फोटो मागितला. चांगला असा एकच आहे, बाळ्याच्या लग्नातला, त्यात तू फोटोवाल्याकडे रागाने बघतेस. तोच दिला.

पहिलं सांगतो, मला रडू आलं नाही. लोक माझ्या तोंडाकडे बघत होते, आता रडेल, मग रडेल. सुनेला वाटलं मला काहीतरी झालंय, तिने साखरपाणी पाजलं. मी प्यालो. मी जेवतो, झोपतो, बिडी ओढतो. दाढ काढताना सुई टोचतात ना, मग गाल आपला असून आपला वाटत नाही, दाबला तरी कळत नाही, तसं झालंय सगळं. तू असतीस तर म्हणाली असतीस, याला आधी तरी कधी काय कळत होतं.

सुतकात कोणी आपल्या घरचं काही घेत नाही, आपणही शेताला हात लावायचा नाही. भावकीची माणसं ओट्यावर बसलेली. तुला पोचवून आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दारात रिक्षा थांबली. रिक्षावाल्याने नाकाला रुमाल बांधलेला. आतून सावंतबाई उतरल्या आणि पाठोपाठ त्यांनी बादल्या उतरवल्या. वाशीपासून आपल्या तळवलीपर्यंत त्या भाजीच्या सालांच्या आणि माशांच्या खवल्यांच्या बादल्या मांडीशी धरून आल्या होत्या. ऑफिसला जायची साडी नेसलेली. भावकीतलं कोणीतरी म्हणालं, बाई, घरात सुतक आहे, आज काही करायचं नाही. त्या बाईंना आपल्याकडची रीत माहीत नसेल असं नाही, कोकणातल्याच आहेत. पण त्या तिथेच उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "काका, मी हे नेऊन नाल्यात ओतू का? मावशी गेल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी?"

मी उठलो. माणसं बघत राहिली. मी म्हटलं, सुतक मला आहे, खड्ड्याला नाही.

शेतातल्या तुझ्या खताच्या खड्ड्यावरचा पत्रा बाजूला केला, बादल्या ओतल्या, वरून सुका पाला टाकला, तू टाकायचीस तसा. मग तू करायचीस म्हणून मीही ढिगात कोपरापर्यंत हात घातला. चटका बसला. त्याच सकाळी मी तुझी राख सावडली होती, ती गार होती. एवढं लक्षात आलं. त्यावर काय वाटायला पाहिजे ते मला कळलं नाही, म्हणून हात पुसला आणि घरी आलो.

आता ज्यांना आपलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं लिहितो, तू मध्ये बोलू नको.

आमच्या जमिनी नवीन शहरासाठी गेल्या. राहिला तो खाडीच्या बांधाला लागून एक तुकडा, कोणाला नको असलेला. खारी जमीन. बांधाच्या पलीकडे खाडी, अलीकडे आमचं शेत. बांधात एक दार असतं, त्याला आम्ही उघाडी म्हणतो. ओहोटीला उघडायची, शेतातलं पाणी खाडीत जातं. भरतीला बंद, म्हणजे खारं पाणी आत येत नाही. शेतात आमची एक गोड्या पाण्याची विहीर आहे. तिच्यावर हिने भाजी लावली. माठ, भेंडी, मिरच्या, मुळा, विहिरीच्या कडेला अळू. ती डोक्यावरून वाशीला न्यायची आणि सावंतबाईंच्या सोसायटीच्या गेटवर बसायची. पुढे एक दिवस तिने बायकांना सांगितलं, भाजी माझी होती तर सालपण माझं, परत द्या. बायका हसल्या. मग द्यायला लागल्या. बादली भरून दिली की मूठभर कोथिंबीर फुकट. तबेल्याचं शेण नाल्यात वाहून जायचं, ते पण तिने भांडून मिळवलं. मासळीवाल्यांची आतडी-खवलं. सगळं खड्ड्यात, खड्ड्यातलं वाफ्यात, वाफ्यातलं परत त्यांच्या ताटात. झालं. एवढंच होतं ते.

मला ते कधी पटलं नाही. हे लोकांसमोर लिहितो, कारण तू गेल्यावर सगळे असं बोलतायत जसं काय आम्ही दोघांनी मिळून केलं. मी नव्हतो त्यात. मी हातगाडी ढकलली, कारण तुझा गुडघा दुखायचा.

तुला युरियाची गोणी आठवते? शेजाऱ्याच्या खाचरात भात कमरेएवढा झालेला बघून मी आणली होती. तू गोणी ओट्यावरच अडवलीस. म्हणालीस, पाऊस पडला की हे सगळं विरघळून उघाडीतून जानार. मी म्हटलं, जाऊ दे की, खाडी काय तुझ्या बापाची आहे? तू अजिबात न थांबता म्हणालीस, "हो, माझ्याच बापाची." मग तासभर तेच. की तुझं माहेर खाडीच्या तोंडाशी, मोऱ्याला, बाप त्या पाण्यावर जगला, भाऊ अजून जाळं टाकतो. ओहोटीचं पाणी आपल्या उघाडीतून निघतं ते फिरत फिरत मोऱ्याच्या धक्क्याला लागतं. शेजाऱ्याच्या उघाडीच्या तोंडाशी पाण्यावर हिरवी साय धरते, तिथे चिखलातली निवटी मासळी राहिली नाही, चिंबोऱ्या राहिल्या नाहीत, ते तू मला हाताला धरून नेऊन दाखवलंस. आणि शेवटी म्हणालीस, "सन आला तर मानूस माहेरी काय पाठवतो? काकडी पाठवतो, तांदूल पाठवतो. मी घान पाठवू?"

गोणी शेजाऱ्याला गेली. त्याने ती आनंदाने टाकली आणि त्याचं पाणीपण त्याच खाडीत गेलं. मी तेव्हाच म्हटलं होतं, फरक काय पडला सांग. तू अळूची पानं धूत बसलीस.

चुका तूपण केल्यास. ते राहून जायला नको. सुकटीच्या बाजारातून तू पोत्यावर पोती चुरा आणलास, फुकट मिळतोय म्हणून, आणि न सांगता मुळ्याच्या वाफ्यात घातलास. सुकटीत मीठ किती असतं हे आपल्याकडच्या शेंबड्या पोराला माहीत. ज्या बाईच्या सासरी सगळी हयात मीठ बांधाच्या पलीकडे ठेवण्यात गेली, तिने स्वतःच्या डोक्यावरून मीठ आणून शेतात ओतलं. मुळा जळून गेला. मी गावभर सांगितलं. तू दोन दिवस बोलली नाहीस माझ्याशी, जेवण वाढायचीस ते ताट आपटून. मग त्या वाफ्यात आपोआप घोळ उगवली, जाड पानांची, आंबट. ती तू वाशीला नेलीस आणि नवीन भाजी म्हणून विकलीस. सावंतबाईंनी ओळखली, तरी दोन जुड्या घेतल्या. त्या दिवशी तू घरी येऊन पदर तोंडाला लावून हसत होतीस. ते मला दिसतं. आवाज मात्र आठवत नाही, कितीही केलं तरी. चित्र आहे, आवाज नाही.

बादलीतून दाढीचं पातं निघालं तो दिवस. तुझा तळवा फाटला. मी म्हटलं, बस झालं, लोकांची घाण उपसायला तुझा हात काय रस्त्यावर पडलाय? तू हळद दाबलीस आणि दुसऱ्या दिवशी पट्टी बांधलेला हात वर धरून गेटवर उभी राहिलीस. नुसता हात वर. प्रत्येक बाई येऊन विचारायची काय झालं. त्यानंतर बादलीत पातं आलं नाही, प्लास्टिकची पिशवी पण आली नाही. हे तुझं मला आवडलं होतं. तेव्हा सांगितलं नाही, आता सांगून काय उपयोग आहे ते मला माहीत नाही, पण कागद आहे तर लिहितो.

आपलं खरं भांडण एकच होतं. मी म्हणायचो, कारखान्यांचे पाइप रात्रंदिवस खाडीत सोडतायत, अख्ख्या शहराचं संडासाचं पाणी तिकडेच जातं, खाडीच्या बोईटाला रॉकेलचा वास येतो म्हणून आता आपणच बाजारातून बाहेरची मासळी आणतो. तुझा एक खड्डा तिथे काय करणार? हे मी किती वर्षं विचारलं. तू कधी उत्तर दिलं नाहीस. कधी म्हणायचीस भाकरी करपतेय. कधी म्हणायचीस तुमी बिडीचं थोटूक तरी विहिरीत टाकू नका, मग बोला. एकदाच चिडून म्हणालीस, पाइपवाल्याशी माझं लगीन नाय झालं, तुमच्याशी झालं, म्हनून तुमाला सांगते.

आणि बाळ्या. त्याच्याबद्दल मी वाईट लिहिणार नाही. त्याला दोन पोरं आहेत. आजूबाजूला सगळ्यांनी आपापल्या तुकड्यावर भराव टाकला, खोल्या बांधल्या, भाड्याने दिल्या. बाळ्या टेम्पो चालवतो, कंबर धरते त्याची. त्याने खोल्या म्हटलं तर त्याचं काय चुकलं? मी त्याच्याच बाजूचा होतो, तुला माहीत आहे. तू अंगणात उभी राहून आळीला ऐकू जाईल असं म्हणाली होतीस, मी हाय तवर इथं भराव पडनार नाय. त्यानंतर भरावाचं नाव कोणी काढलं नाही. बाळ्याने पण नाही. तो आईला घाबरणारा, बापाला नाही.

आता तू नाहीस. तुझ्याच शब्दाने तो विषय मोकळा झाला.

तू गेलीस त्याच आठवड्यात बाळ्याने मला शेतावर नेलं. भेंडी जून होऊन झाडावरच वाळली होती, सुतकातली भाजी कोण घेणार. त्याने आवाज चढवला नाही. म्हणाला, "बाबा, आईसाठी ठेवला होता हा तुकडा. आता कोणासाठी?" मी म्हटलं, दहावा होऊ दे. तो म्हणाला, दहाव्यानंतर गाडी सांगतो, कळंबोलीच्या बाजूला ओळख आहे, मुरूम आणि दगड स्वस्तात मिळतो. मी मान हलवली. खरं तर मला काहीच वाटत नव्हतं. भराव पडो, न पडो. तू गेल्यावर शेत काय आणि अंगण काय.

तोपर्यंत सावंतबाई एक दिवसाआड बादल्या आणत होत्या आणि मी खड्डा खालीवर करत होतो. आवडीने नाही. बादली दारात ठेवली तर वास मारते म्हणून.

दहाव्याला तुझा भाऊ आला. हसूराम. मोऱ्यावरून एसटीने, धुतलेला सदरा घालून. तोही म्हातारा झाला, तुला माहेरी जाऊन वर्ष झालं ना, तुला दिसला नसेल तेवढा. उघाडीपाशी विधी झाले. सगळे जेवायला गेले, आम्ही दोघं बांधावर बसून राहिलो. ओहोटी होती. पाणी उघाडीतून जात होतं. मी सहज म्हटलं, तुझी बहीण म्हणायची हे पाणी तुझ्याकडे येतं.

हसूरामने एक खडा उचलून पाण्यात टाकला. मग म्हणाला, "भावजी, बाय दर खेपेला इचारायची, पानी कसं हाय रे. मी सांगायचो, चांगलं हाय, जाल्यात बारकी कोलीम मिलते. खोटं सांगायचो. कोलीम कंदीची गेली."

मी म्हटलं, आणि तिला ते खरं वाटायचं?

"छे. मना म्हनायची, खोटारडा मेला. आनि वर इचारायची, भाजी देऊ का बांधून."

मग मी त्याला विचारलं, जे तुला विचारत आलो तेच. पाणी साफ होत नाही हे तिला ठाऊक होतं, तर मग हे सगळं कशाला? त्याने माझ्याकडे असं बघितलं की मीच खुळा. म्हणाला, "मना काय म्हाईत? घरात तुमी ऱ्हायलात तिच्यासंगं."

तर असं झालं, बाळ्याची आई. मी जिंकलो. इतक्या वर्षांचं भांडण, आणि तुझ्या सख्ख्या भावाने माझ्या बाजूने साक्ष दिली की एका खड्ड्याने काही होत नाही. जिंकल्याचं सांगायला घरी वळलो तर सांगायचं कोणाला. सून भांडी घासत होती. म्हणून इथे सांगतोय.

आणि हेही सांगतो की मला झोप लागली नाही. तू हरलीस म्हणून नाही. तुला आधीपासून माहीत होतं म्हणून. मी तुला वर्षानुवर्षं जे ओरडून सांगत होतो ते तुला माझ्या आधीच कळलेलं होतं, आणि तरी तू दुसऱ्या दिवशी उठून बादल्या धुवायचीस. खाडी साफ होते की नाही हे तू बघतच नव्हतीस बहुतेक. आपल्या दारातून काय बाहेर जातं, तेवढंच बघायचीस. असं असेल. नसेलही. तू सांगितलं नाहीस, आणि मी विचारायचो ते नेहमी ओरडून.

दहाव्यानंतर बाळ्याने गाडी आणली. ट्रक बांधावरच्या वाटेने रिव्हर्समध्ये येत होता, बाळ्या मागे उभा राहून हात करत होता, येऊ दे, येऊ दे. ड्रायव्हर सरदार होता, खाली उतरून त्याने शेताकडे बघितलं आणि मला विचारलं, चाचा, इतनी हरी सब्जी के ऊपर डालना है क्या? अळू माजलं होतं विहिरीपाशी. बाळ्याने त्याला सांगितलं, हां, उधर से चालू करो.

मी म्हटलं, नाही. बांधावर टाक. कोपऱ्यात उधाणाचं पाणी झिरपतं, तिथे.

बाळ्याला वाटलं मला ऐकू आलं नाही. जवळ येऊन त्याने परत समजावलं, भराव आत टाकायचाय, खोल्यांसाठी, आपलं ठरलंय. मी म्हटलं, ठरलं होतं. आत एक दगड पडणार नाही. तो म्हणाला, तुम्हीच तर आईला सांगायचात याचा काही उपयोग नाही. मी म्हटलं, अजून तेच सांगतो.

"मग का?"

"मला पटलेलं नाही. तरी नाही."

पोरगा माझ्याकडे बघत राहिला. रागावला असेल, असणारच. खोल्यांचं त्याचं दुखणं खरं आहे आणि माझ्याकडे त्याला द्यायला दुसरं काही नाही. तू त्याला कशीतरी समजावली असतीस, रागावून, मग जेवायला घालून. मला ते जमत नाही. मी त्याला एवढंच म्हटलं की उद्यापासून टेम्पोतून बादल्या आण, बाईमाणूस रिक्षाने किती दिवस आणेल. त्याने ड्रायव्हरला हाताने बांधाचा कोपरा दाखवला आणि जाऊन टेम्पोत बसला.

मुरूम पडला. लाल ढीग, वरती दगड. गाडी गेली.

आता तुझ्यासाठी. मला माहीत आहे, असा बांध बांधत नाहीत. आधी खाडीचा चिखल थापायचा, मग दगड, नुसत्या मुरुमातून पाणी येतंच. उलटं केलं मी. तू भांडावंस असंच होतं ते. मी कमरेवर हात ठेवून तिथे उभा राहिलो, तू बोलायची वाट बघावी तसा. ओहोटीचा वास येत होता, दूर कोणाच्या तरी खोलीत रेडिओ चालू होता.

मग धोतर खोचलं, बांधाच्या पलीकडे उतरलो आणि चिखल वर ओढायला घेतला.